दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

वाशिंदच्या एखाद्या शिक्षकाने माहुलीभोवतीच्या ‘दऱ्या’ लिहाव्यात आणि विद्यार्थ्याच्या पडद्यावर ‘दर्या’ उमटावा, म्हणजे भातसेच्या खोऱ्यात समुद्रच अवतरला! ‘आचाऱ्यांना’ द्यावयाचे मानधन ‘आचार्यांना’ मिळाले, तरी तक्रार कोणाकडे करावी? विनोद म्हणून हे ठीक आहे. परंतु शेतकऱ्यांच्या याद्या आणि सातबाऱ्याचे उतारे संगणकावर गेले असताना कारकुनाला प्रत्येक रफार डोळ्यांनी तपासावा लागावा, हे कोणत्याही कचेरीला परवडणारे नाही.

दोष नेहमी लिहिणाराचाच असतो असे नाही. संगणक अक्षरांचे केवळ संकेतांक साठवितो. त्यांतून जोडाक्षर कसे घडवावयाचे, रफार कोणत्या अक्षराच्या माथ्यावर न्यावयाचा, हे ठरविणारी यंत्रणा निराळी असते. ‘हार्फबझ’ ही अशीच एक मुक्त लायब्ररी. तिची संहिता कोणालाही पाहता व सुधारता येते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस तिचा उपयोग करतात. अरबीसाठी केलेली दुरुस्ती देवनागरीला भोवू नये म्हणून प्रत्येक बदलानंतर ती निरनिराळ्या संगणक-प्रणालींवर यंत्राकडूनच नव्याने बांधून घेतली जाते व ठरलेल्या चाचण्या आपोआप चालविल्या जातात. चाचणी साधी असते: ही अक्षरे, हा टंक आणि ही अपेक्षित आकृती.

२०१२ साली या लायब्ररीचा भारतीय लिप्यांचा भाग घडविताना सुमारे सात लाख देवनागरी शब्द तिच्याकडून जुळवून घेण्यात आले आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘युनिस्क्राइब’शी ताडून पाहण्यात आले. न जुळणारे शब्द शंभराच्या आत आले, ही कामगिरी खरोखर मोठी. पण मोजपट्टी येथे दुसऱ्या एका कंपनीची यंत्रणा होती, मराठी वाचकाची नजर नव्हे. मोजपट्टीच चुकली तर चूकही बिनबोभाट उत्तीर्ण होते.

चाचण्यांच्या व्याप्तीचा जो टक्का अभिमानाने सांगितला जातो, त्याचेही असेच आहे. संहितेतील किती ओळी चाचणीत चालल्या, एवढेच तो सांगतो. ‘दऱ्या’ बरोबर उमटल्या की नाही, हे सांगत नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र तर दोन रीतींनी साठविता येतो: नुक्त्याचा ऱ व हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. एका रीतीची चाचणी झाली म्हणून दुसरी सुरक्षित ठरत नाही.

देवनागरी म्हणजे केवळ हिंदी नव्हे, ही गोष्ट त्या संहितेत मराठी माणसांनीच नोंदवावयास हवी. त्यासाठी प्रत्येकाने आज्ञावली शिकण्याची गरज नाही. ‘चऱ्हाट’, ‘तऱ्हा’, ‘कोपऱ्यात’ असे शब्द निवडणे व त्यांचे शुद्ध रूप ठरविणे हे भाषाशिक्षकाचे काम. ते चाचणीच्या साच्यात बसविणे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एका सुटीत जमेल. २०२४ साली अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण केला. विद्यापीठांनी या कामाला प्रकल्पाचे गुण द्यावेत आणि शासनाच्या मराठी भाषा विभागाने शब्दसूची पुरवावी. खर्च नाममात्र आहे. अशी चाचणी एकदा स्वीकारली गेली की पुढे कोणा परदेशी कार्यकर्त्याने, मराठीचे अक्षरही न जाणता, ‘दऱ्या’ बिघडविल्या तर यंत्रच त्याला त्याच दिवशी अडवील.