खाडीपलीकडचा अणू

विजयदुर्गाला पाहुणा आला, की आम्ही त्याला किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' दाखवतो आणि लॉकियरने १८६८ च्या ग्रहणात येथूनच हेलियम शोधला, असे ठासून सांगतो. इतिहास थोडा वेगळा आहे. ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिले. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. विजयदुर्गाला तो आला जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. पण दोघांनीही १८६८ मध्ये आपली निरीक्षणे पॅरिसच्या अकादमीला कळवली, हे महत्त्वाचे. ज्ञान कोणी कुलपात ठेवले नाही.

अणुयुगाच्या आरंभीही असा एक क्षण आला होता. डिसेंबर १९५३ मध्ये आयसेनहॉवर यांनी 'शांततेसाठी अणू'ची घोषणा केली. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला सत्तरहून अधिक देश जमले. अध्यक्ष होते आपले होमी भाभा. ऐन शीतयुद्धात अमेरिका आणि रशिया यांनी तोवर गुप्त असलेली बरीच माहिती तेथे उघड केली. वर्षभरात, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भ्याची 'अप्सरा' सुरू झाली. बांधणी आपली, इंधन ब्रिटनचे.

यंत्रांच्या करारांचे मात्र निराळे झाले. तारापूरचा अमेरिकेशी करार १९६३ चा. वीज १९६९ मध्ये मिळू लागली. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, आणि पुढे अमेरिकेने इंधन अडवले. १९८२ मध्ये फ्रान्सशी बोलणी करून वाट काढावी लागली. दात्याचा हात आखडला की घेणाऱ्याचे काय होते, हे तारापूरने दाखवले.

आज हा प्रश्न आमच्या दाराशी आहे. वाघोटणची खाडी ओलांडली की राजापूर तालुका. तेथे माडबनला फ्रान्सच्या सहकार्याने १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याचे ठरले. २०१० मध्ये करार झाला. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावर गोळीबार होऊन एकाचा जीव गेला.

मी अणुविजेचा आंधळा विरोधक नाही. पण समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासळीचे काय होईल, अपघात झाल्यास भरपाई कोण देणार, इंधन थांबले तर काय, असे नाट्याच्या दर्यावर्दीने विचारले, तर त्याला विकासद्रोही ठरवून कसे चालेल? जिनिव्हात शत्रूपुढे कागद उघडता आले. मग ते आपल्याच माणसांपुढे, त्यांच्या मराठीत, का उघडू नयेत? दोन सरकारांच्या सह्यांनी करार होतो. सहकार्य व्हायचे, तर तिसरी सही किनाऱ्याची हवी.