शाखांच्या भिंती ओलांडताना

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच प्रश्न असतो: लवकर नोकरी कशात लागेल? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एकाच शाखेत शोधले जाते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नावे जुळवून पाहणारा प्रोग्रॅम मला लिहिता येतो. पण 'शेख' हे एकच आडनाव आधार, शाळेचा दाखला आणि रेशनकार्डावर इंग्रजीत वेगवेगळे का लिहिले जाते, त्यापायी माणसाचे काय अडते, हे कोडिंग शिकवत नाही. त्यासाठी भाषाशास्त्र, इतिहास आणि कायदाही लागतो.

असे विषय एकत्र शिकण्याची सोय पुण्यात आहे. सिम्बायोसिसचे लिबरल आर्ट्स स्कूल २०११ मध्ये सुरू झाले. फ्लेमला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मेजर एका विषयात, मायनर दुसऱ्यात. पण तिथली फी कोंढव्यातल्या रिक्षावाल्या बापाला झेपणारी नाही.

म्हणून हे शिक्षण श्रीमंतांसाठी सोडून द्यायचे का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनरची रचना साध्या कॉलेजांतही आली आहे. शिक्षण मध्येच थांबले तरी मिळवलेली क्रेडिट्स खात्यात जमा राहतात. लग्नामुळे किंवा घरच्या अडचणींमुळे कॉलेज सुटलेल्या आपल्या बहिणींसाठी ही मोठी गोष्ट आहे.

मित्रांनो, मैत्रिणींनो, प्रवेश घेताना थेट विचारा: मायनरचे कोणते विषय प्रत्यक्ष शिकवता? त्यांना शिक्षक आहेत का? पर्याय कागदावरच राहिला, तर तो मिळवण्यासाठी आपल्यालाच बोलावे लागेल.