निवड मुंबईत, चित्र साखरखेर्ड्यात


‘ग्रामीण चित्रकार प्रवेशिकाच पाठवत नाहीत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. राज्यस्तरीय प्रदर्शनांना आम्ही प्रवेशिका पाठवतो. पण चौकट, काच, पॅकिंग आणि मुंबईपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटरची वाहतूक एवढा खर्च निवडीआधीच होतो. चित्र नाकारले, तर ते परत आणण्याचा भुर्दंड वेगळा, आणि का नाकारले ते कधीच कळत नाही. मुंबईबाहेरच्यांनाही यश मिळते म्हणाल, तर कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर यांना 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, पण तेव्हा ते मुंबईतच होते, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये!

नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालये आहेत; राज्यस्तरीय प्रदर्शनांची चित्रे तिथेच स्वीकारावीत. परीक्षकांनी दोन ओळींचा अभिप्राय द्यावा. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेड राजात लाखोंची गर्दी जमते, तिथे जिल्ह्यातील चित्रकारांना एक भिंत मिळावी.

— एक चित्रकार, साखरखेर्डा (जि. बुलढाणा)