विश्लेषण : पॉइंट्स खात्यात, पण खोली नाही... ‘टाइमशेअर’ सुट्टीचे गणित कुठे अडते?

हजारो डॉलर भरून सदस्यत्व घेतले, दरवर्षीचे देखभाल शुल्क वेळेवर चुकते केले, खात्यात पॉइंट्सही शिल्लक आहेत. तरीही हव्या त्या आठवड्यात हवी ती खोली मात्र मिळत नाही. अमेरिकेतील पॉइंट्सवर चालणाऱ्या ‘टाइमशेअर’ योजनांच्या सदस्यांची ही तक्रार जुनीच आहे. फ्लोरिडातील ‘डिस्ने व्हेकेशन क्लब’सारख्या नावाजलेल्या योजनेतही काही खोल्या आरक्षण खुले होताच संपलेल्या असतात. यात फसवणूक किती, नियमांची रचना किती आणि सदस्यांनीच शोधलेल्या पळवाटा किती, हे वेगवेगळे पाहावे लागते.

पॉइंट्सची पद्धत आली कुठून?

टाइमशेअरची कल्पना १९६०च्या दशकात युरोपात रुजली. सुट्टीच्या ठिकाणी वर्षातून एखादा आठवडा राहण्यासाठी अख्खे घर कशाला विकत घ्यायचे, तो आठवडाच विकत घ्यावा, हा तिचा गाभा. खोली ठरलेली आणि आठवडाही ठरलेला. यात आरक्षणाचा प्रश्नच नव्हता. ज्याचा आठवडा त्याचीच खोली. पण मुलांच्या परीक्षा बदलतात, रजा नाकारली जाते, दरवर्षी त्याच गावाला जाऊन कंटाळाही येतो. म्हणून आठवड्यांची अदलाबदल करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या; त्यांतील ‘आरसीआय’ १९७४ची.

पुढचे पाऊल पॉइंट्सचे. स्वित्झर्लंडमधील ‘हापीमाग’ने ही पद्धत १९६३पासूनच अवलंबली होती, पण ती जगभर पसरली अमेरिकी हॉटेल कंपन्यांमुळे. डिस्नेने १९९१मध्ये फ्लोरिडात पहिले रिसॉर्ट उघडले ते पॉइंट्सच्या पायावरच. मॅरिअटने २०१०मध्ये आपली पॉइंट्सची योजना आणली. सदस्याच्या खात्यात दरवर्षी ठरावीक पॉइंट्स जमा होतात आणि प्रत्येक खोलीचा, प्रत्येक रात्रीचा पॉइंट्समधला दर तक्त्यात छापलेला असतो. नाताळात तो जास्त, शाळा सुरू असताना कमी. खिडकीतून वाहनतळ दिसत असेल तर कमी, तळे दिसत असेल तर जास्त.

विक्रेत्यांनी ही लवचीकता म्हणून विकली आणि ती लवचीकता खरीही आहे. फक्त तिच्या बदल्यात काय गेले, हे विक्रीच्या टेबलावर क्वचितच सांगितले जाते. ठरलेल्या आठवड्याची हमी गेली. ऐन थंडीतला, कोणालाच नको असलेला आठवडा पूर्वी कोणाच्या तरी वाट्याला यायचाच. आता तो कोणीच घेत नाही आणि सगळे मिळून सुट्टीच्या त्याच दहा-बारा आठवड्यांवर तुटून पडतात.

डिस्नेमध्ये आरक्षण कसे होते?

सदस्य ज्या रिसॉर्टचे पॉइंट्स विकत घेतो ते त्याचे ‘होम रिसॉर्ट’. तेथे मुक्कामाच्या तारखेच्या ११ महिने आधी आरक्षण करता येते. क्लबच्या इतर रिसॉर्टसाठी ही मुदत सात महिने. म्हणजे पहिले चार महिने त्या त्या रिसॉर्टच्या सदस्यांनाच मुभा. संकेतस्थळावरील आरक्षण फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी आठला खुले होते. भारतातून पाहणाऱ्यासाठी ही वेळ उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचची आणि हिवाळ्यात साडेसहाची.

बहुतेक दिवशी, बहुतेक खोल्यांसाठी ही व्यवस्था नीट चालते. घोडे अडते ते मोजक्या खोल्यांपाशी. ‘ॲनिमल किंगडम लॉज’मध्ये ‘व्हॅल्यू’ वर्गातील काही खोल्या आहेत. आकाराने किंचित लहान, पण पॉइंट्समध्ये बऱ्याच स्वस्त. ‘बोर्डवॉक’मध्ये साध्या दृश्याच्या खोल्यांचे तसेच. कॅलिफोर्नियातील ‘ग्रँड कॅलिफोर्नियन’ डिस्नेलँडला लागूनच आहे आणि तेथे क्लबच्या वाट्याच्या खोल्याच कमी. कमी पॉइंट्समध्ये जास्त रात्री मिळत असतील तर जाणकार सदस्य तिकडेच धावणार, हे उघड आहे. गणपतीत कोकणकन्येचे आरक्षण उघडल्यावर जे होते तेच येथे रोज सकाळी आठला होते. फरक इतकाच की, गणपतीला रेल्वे जादा गाड्या सोडते. रिसॉर्टला जादा मजला चढवता येत नाही.

खोल्यांच्या प्रकारांतही असेच घडते. दोन शयनगृहांचे घर अनेकदा मधले दार बंद करून एक स्टुडिओ आणि एक शयनगृहाचे घर असे वेगळे दिले जाते. एक शयनगृहाच्या घराला स्टुडिओच्या जवळपास दुप्पट पॉइंट्स लागतात. चौघांचे कुटुंब स्टुडिओत कसेबसे मावते आणि पॉइंट्स वाचवते. स्टुडिओ आधी संपतात, दाराच्या पलीकडचे मोठे घर रिकामे राहते. एका स्टुडिओचे आरक्षण झाले की दोन शयनगृहांचे अखंड घरही यादीतून बाद होते, त्यामुळे आजी-आजोबांसह येणाऱ्या मोठ्या कुटुंबाचाही रस्ता अडतो.

‘वॉकिंग’ म्हणजे काय?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. ‘वॉकिंग’ ही तिचीच संगणकीय आवृत्ती. नियमानुसार ११ महिन्यांच्या पहिल्या दिवशी सलग सात रात्री आरक्षित करता येतात. समजा, एखाद्याला १० डिसेंबरपासून सात रात्री हव्या आहेत. सरळमार्गी सदस्य १० जानेवारीला सकाळी आठला संकेतस्थळ उघडतो. चतुर सदस्य मात्र ४ जानेवारीलाच ४ ते १० डिसेंबर या सात रात्री धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्यातली पहिली रात्र सोडतो आणि शेवटी एक नवी जोडतो. असे रोज एकेक पाऊल पुढे सरकत तो १० जानेवारीला नेमका १० डिसेंबरवर येऊन थांबतो. सरळमार्गी सदस्य संगणकासमोर बसतो तेव्हा १० डिसेंबरची रात्र सहा दिवसांपूर्वीच गेलेली असते.

यात नियम मोडला, असे सहजी म्हणता येत नाही. तारखा बदलण्याची सोय सर्वांनाच आहे. पण एकाने सहा दिवस आधी सुरुवात केली की दुसरा दहा दिवस आधी करतो, तिसरा महिनाभर आधी. ज्या तारखांना कोणालाच जायचे नाही, त्याही मग ‘भरलेल्या’ दिसू लागतात. रोज सोडल्या जाणाऱ्या रात्री पुन्हा यादीत येतात खऱ्या, पण सलग नव्हे, सुट्या सुट्या. विमानाचे तिकीट काढून बसलेल्या कुटुंबाला एका रात्रीचा काय उपयोग?

दर वाढवून गर्दी कमी का करत नाहीत?

हॉटेल गर्दीच्या रात्री भाडे वाढवते आणि रांग आपोआप आटोपते. पॉइंट्सच्या योजनेत ही किल्ली अर्धीच हाती असते. डिस्नेच्या योजनेत एका रिसॉर्टच्या वर्षभरातील सर्व रात्रींच्या पॉइंट्सची बेरीज ठरलेली आहे. डिसेंबरची रात्र महाग केली तर दुसरी कुठली तरी रात्र तेवढीच स्वस्त करावी लागते. हे सदस्याचे मोठे संरक्षण आहे. अन्यथा कंपनी दरवर्षी दर चढवून आधी विकलेल्या पॉइंट्सची किंमत पातळ करू शकली असती. पण या संरक्षणामुळेच तक्ता मागणीच्या मागे रखडतो. शिवाय दर बदलले की ज्यांनी जुन्या तक्त्यावरून नेमके हवे तेवढेच पॉइंट्स घेतलेले असतात, ते दुखावतात. आठवडाभराचे पॉइंट्स मोजून घेतलेल्याला अचानक सहाच रात्री मिळू लागतात.

जेथे पैशाने रांग तुटत नाही, तेथे ती वेळेने तुटते. ज्याला ११ महिने आधी रजेची खात्री आहे, जो रोज सकाळी संकेतस्थळ उघडू शकतो, तो जिंकतो. रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करणारी परिचारिका किंवा शाळेचे वेळापत्रक उशिरा कळणारे पालक मागे पडतात. देखभाल शुल्क मात्र दोघांनाही सारख्याच दराने.

कंपन्या खोल्यांपेक्षा जास्त पॉइंट्स विकतात का?

हा संशय सर्वात आधी व्यक्त होतो. फ्लोरिडाच्या कायद्यात त्याला सरळ अटकाव आहे. सदस्यांना वापरण्याचा हक्क असलेल्या एकूण रात्री उपलब्ध रात्रींपेक्षा जास्त असता कामा नयेत, असे टाइमशेअरविषयक प्रकरण ७२१ सांगते. पण वर्षाची बेरीज जुळली म्हणजे नाताळची जुळली असे नव्हे. कायदा ‘कुठली तरी खोली, कधी तरी’ याची हमी देतो. विक्रीच्या माहितीपत्रकातले छायाचित्र मात्र ‘ही खोली, या दिवशी’ असा समज करून देते. तक्रारींचे मूळ बहुतांशी या दोहोंमधल्या अंतरात आहे.

पॉइंट्स भाड्याने देण्याची बाजारपेठ या ताणात भर घालते. सदस्य आपले पॉइंट्स वापरून परक्याच्या नावाने खोली घेतो आणि पैसे कमावतो. एखाद्या वर्षी जाता आले नाही म्हणून असे करणे समजण्यासारखे आहे. पण मोठ्या संख्येने पॉइंट्स जमवून मागणीच्या खोल्या आधीच अडवणे आणि नंतर चढ्या दराने खपवणे हा सरळ धंदा झाला. करारात व्यावसायिक हेतूने वापर करण्यास मनाई आहे. मात्र घरगुती वापर संपून धंदा कुठे सुरू होतो, ही रेषा ओढणे कंपनीला अवघड जाते.

झळ कोणाला जास्त बसते?

पॉइंट्स कायम टिकत नाहीत. डिस्नेच्या योजनेत ते पुढच्या वर्षात ढकलायचे तर सदस्याच्या वर्षातील पहिल्या आठ महिन्यांतच निर्णय घ्यावा लागतो. मुक्कामाला ३० दिवस किंवा त्याहून कमी उरले असताना आरक्षण रद्द केले तर ते पॉइंट्स वेगळ्या खात्यात जातात आणि त्यांतून पुढच्या ६० दिवसांतलेच मुक्काम घेता येतात. त्यामुळे हवी ती खोली न मिळालेला सदस्य नको ती खोली घेतो किंवा पॉइंट्स वाया जाऊ देतो.

दुसऱ्या सदस्याकडून, म्हणजे फेरविक्रीत पॉइंट्स घेणाऱ्यांची स्थिती आणखी अवघड. ते स्वस्त मिळतात. पण १९ जानेवारी २०१९ नंतर अशी खरेदी करणाऱ्यांना ‘रिव्हिएरा’ आणि त्यानंतरच्या रिसॉर्टचे दरवाजे बंद आहेत. जुन्या १४ रिसॉर्टपैकी एखाद्याचे पॉइंट्स घेतले तर त्या १४ मध्येच फिरावे लागते. त्या १४ मधील अनेकांचे करार ३१ जानेवारी २०४२ रोजी संपतात. स्वस्तात पॉइंट्स घ्यायचे आणि सात महिन्यांच्या मुदतीत दुसऱ्या लोकप्रिय ठिकाणी जागा मिळेल अशी आशा धरायची, हा बेत म्हणूनच वारंवार फसतो. जेथे खरोखर राहायचे आहे तेथलेच पॉइंट्स घ्यावेत, हा जाणत्या सदस्यांचा सल्ला या अनुभवातून आला आहे.

भारतात काय स्थिती?

भारतात ‘स्टर्लिंग’ १९८६पासून आणि ‘क्लब महिंद्रा’ची कंपनी १९९६पासून या व्यवसायात आहे. येथे पॉइंट्सपेक्षा वर्षाला सात रात्री, हंगामाचा रंग आणि खोलीचा आकार ही पद्धत रुळली. जांभळा हंगाम सर्वात गर्दीचा आणि महाग, निळा सर्वात स्वस्त. रंग वेगळे असले तरी अडचण तीच आहे. मे महिन्यात महाबळेश्वर, दिवाळीत आणि नाताळात गोवा. मुंबई-पुण्यातल्या शाळांना एकाच वेळी सुट्ट्या लागतात आणि सगळ्यांची बोटे एकाच तारखेवर पडतात. करारातला ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द तेव्हा कंपनीच्या कामी येतो.

टाइमशेअरसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. फ्लोरिडात करार केल्यावर १० दिवसांत, युरोपीय संघात १४ दिवसांत तो विनाकारण रद्द करता येतो. येथे करारात जे लिहिले असेल ते. मॉलमधल्या ‘बक्षीस लागले’ फोनपासून तीन तासांच्या सादरीकरणापर्यंत आणि तिथल्या तिथे कार्ड घासण्यापर्यंतचा प्रवास एका दुपारी संपत असल्याने ही उणीव मोठी आहे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन नंतर सिद्ध करणे कठीण. म्हणून ‘नाताळात मिळेलच’ असे तो म्हणत असेल तर ते ईमेलवर मागावे, आणि पुढच्या नाताळची उपलब्धता सही करण्यापूर्वी त्याच्याच संगणकावर पाहावी.

सही झाल्यानंतर आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चा. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. करारातील अटीच एकतर्फी असल्याचा मुद्दा असेल तर ‘अनुचित करारा’ची तक्रार राज्य आयोगाकडे न्यावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. खोली नाकारली गेल्याच्या प्रत्येक वेळी पडद्याचे छायाचित्र आणि कंपनीचे लेखी उत्तर जपून ठेवलेले असेल तर आयोगापुढे बोलायला काही हाती असते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे.