कुलूप, किल्ली आणि कबुली

माझी भाची पीएच.डी. करते. विषय दुष्काळी तालुक्यांतल्या पाझर तलावांचा. गेल्या उन्हाळ्यात प्रबंधाच्या दोन प्रकरणांच्या प्रती काढायला ती विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. पेनड्राइव्ह दुकानदाराच्या हाती दिला, प्रती घेतल्या आणि परत आली. विभागातल्या सामाईक संगणकाला तो पेनड्राइव्ह लावला, तेव्हा सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. तिने त्यावर क्लिक केले. काही उघडले नाही, म्हणून आणखी दोनदा केले. व्हायरसला नेमके तेच हवे होते.

ती घाबरली आणि गप्प राहिली. चार दिवसांनी विभागातल्या साहाय्यकाला संगणकाचे लक्षण ठीक दिसेना. कुणी काही सांगितलेले नव्हते, म्हणून त्याने आपला नेहमीचा उपाय केला. संगणक फॉरमॅट केला. त्यात तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीने भरून ठेवलेली दोनशे प्रश्नावल्यांची माहिती गेली.

रात्री तिचा फोन आला. "मामा, आईला सांगू नकोस," ही सुरुवात. सगळे ऐकून मी ओळखीच्या एका जाणकाराला विचारले. तो म्हणाला, या जातीचा व्हायरस सहसा फायली पुसत नाही, नुसत्या लपवतो. दहा मिनिटांत परत दिसल्या असत्या. म्हणजे त्या मुलीची माहिती व्हायरसने खाल्ली नव्हती. ती खाल्ली होती चार दिवसांच्या गप्प बसण्याने.

मी भाचीला रागावू शकलो नाही, याला कारण आहे. नव्वदच्या दशकात मी एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. लेजरांच्या जागी नुकतीच यंत्रे आली होती. आमच्या एका तरुण क्लार्कने घरून फ्लॉपीवर एक खेळ आणला आणि जेवणाच्या सुट्टीत यंत्रावर लावला. फ्लॉपीतून व्हायरस आला. पोराने प्रामाणिकपणे येऊन सांगितले, "साहेब, माझ्या हातून झालं." दुसऱ्या दिवशी त्याला मेमो मिळाला. त्या मेमोवर सही माझी होती.

मेमोचा परिणाम चोख झाला. काही महिन्यांनी दुसऱ्या यंत्रावर तोच प्रकार घडला, तेव्हा आठवडाभर कुणीही तोंड उघडले नाही. मग आम्ही रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसून खात्यांची जुळवणी हाताने केली. फ्लॉपी कुणी लावली होती, ते निवृत्त होईपर्यंत मला कळले नाही. त्या शाखेत सगळ्यांना ठाऊक असावे. फक्त मला सांगण्याची सोय मीच ठेवली नव्हती.

एरवी बँकेची शिस्त या कामाला फार उपयोगी आहे. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. व्हाउचर एकाने लिहायचे, दुसऱ्याने पास करायचे. दिवसअखेर बॅकअप काढायचा आणि त्याचा एक संच दुसऱ्या इमारतीत ठेवायचा, म्हणजे एका जागी आग लागली तरी हिशेब वाचेल. या नियमांत कुणावर अविश्वास नव्हता. माणूस चुकणारच, हे धरून चालण्याचे ते शहाणपण होते. मात्र चुकलेल्या माणसाने पुढे येऊन सांगितले तर काय करायचे, याचा नियम आमच्या पुस्तकात नव्हता.

तो नियम एका विद्यापीठाने घालून दिला आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाची हकीकत आपल्या प्रत्येक कुलगुरूने वाचावी अशी आहे. २०१९च्या ऑक्टोबर महिन्यात तिथल्या कुणीतरी फसव्या ईमेलमधली लिंक उघडली. चोर आत शिरले आणि घाई न करता दोन महिने आत फिरत राहिले. नोव्हेंबरमध्ये त्यांना असे सर्व्हर सापडले, ज्यांवर सुरक्षेची दुरुस्ती बसवायची राहून गेली होती. ही दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २०१७च्या मार्चमध्येच दिली होती; ती न बसवलेल्या यंत्रांना त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभर झोडपले होते. एवढा गाजावाजा होऊनही अडीच वर्षे ती फट उघडी होती. तिथून संपूर्ण जाळ्याच्या किल्ल्या चोरांच्या हाती आल्या. २३ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, त्यांनी २६७ सर्व्हरना कुलूप घातले. काही बॅकअपही त्याच जाळ्याला जोडलेले असल्यामुळे तेही कुलपात गेले.

विद्यापीठाने ३० बिटकॉइन खंडणी दिली. सुमारे दोन लाख युरो, तेव्हाच्या दराने दीड कोटी रुपयांच्या घरात. देणे बरोबर की चूक, यावर तिथे वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. खंडणी मिळाली की खंडणीखोर पुन्हा येतो. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट पुढची आहे. ५ फेब्रुवारी २०२० रोजी विद्यापीठाने जाहीर सभा घेतली आणि आपण कुठे, कसे चुकलो ते जगाला सांगितले. तपास अहवाल खुला केला. लिंक उघडणाऱ्याला त्यांनी चव्हाट्यावर आणले नाही. आपली व्यवस्था कुठे उघडी होती, ते दाखवले. पुढे पोलिसांनी त्या खंडणीचा काही भाग पकडला. बिटकॉइनचा भाव इतका वाढला होता की, २०२२मध्ये त्या भागाचीच किंमत पाच लाख युरोंच्या आसपास गेली. ते पैसे गरजू विद्यार्थ्यांच्या निधीत गेले.

आपल्याकडे काय होते? संगणक 'बिघडला' असे सांगितले जाते. परिपत्रक निघते, पेनड्राइव्ह लावायला बंदी येते आणि पंधरा दिवसांनी पेनड्राइव्ह पुन्हा सुरू होतात. कारण मुलांना प्रबंध छापायचा असतो आणि दुसरी सोय कुणी केलेली नसते. अशी घटना 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेला सहा तासांत कळवायची, असा आदेश २०२२मध्ये निघाला आहे. पण सहा तासांत दिल्लीला कळायचे तर आधी सहा मिनिटांत शेजारच्या टेबलाला कळावे लागते. तिथेच आपले घोडे अडते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विभागात एक माणूस आणि एक फोन नंबर असा असावा, जिथे 'माझ्या हातून झालं' असे सांगता येईल आणि सांगणाऱ्याला मेमो मिळणार नाही. दंड करायचाच तर लपवणाऱ्याला करा. बाकीचे उपाय खर्चिक नाहीत. यंत्राने दुरुस्ती मागितली की ती त्याच दिवशी बसवावी. चोरीची विंडोज वापरू नये. तिच्याबरोबर काय काय आत आले आहे, ते आपल्याला कधी कळत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. घरातला संगणक अजून तिच्यावर चालत असेल, तर जाणकाराला विचारून पुढची व्यवस्था करावी. फायलींची एक प्रत अशा हार्ड डिस्कवर ठेवावी, जी काम झाले की काढून कपाटात जाते. जोडून ठेवलेली प्रत चोराच्याही हाती लागते, हे मास्ट्रिख्टने पाहिले.

आणि हे फक्त विद्यापीठाचे नाही. मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल उघडून खाते रिकामे झालेली माणसे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत निघतील. त्यांतली बरीचशी माझ्या वयाची. पैसे गेल्यावर पहिला फोन १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत जायला हवा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक. पण आजोबा दोन दिवस गप्प असतात, कारण सुनेसमोर, नातवासमोर वेंधळे ठरायचे नसते. या लाजेवरच चोराचा धंदा चालतो. घरात आधीच ठरवून ठेवा: अशा वेळी कुणी कुणाला हसणार नाही.

भाचीला मी एवढेच म्हणालो, "आईला नंतर सांग. आधी त्या मुलीला सांग." ती गेली. त्या मुलीने आठ दिवस अबोला धरला, ते रास्तच होते. नशिबाने कागदी प्रश्नावल्या तिच्या ट्रंकेत होत्या. मग दोघींनी समोरासमोर बसून त्या पुन्हा भरल्या. एकीने वाचायचे, दुसरीने टाइप करायचे. दोनशे प्रश्नावल्यांना तीन आठवडे लागले.

त्या क्लार्कचा पत्ता मी अजून शोधतो आहे. मेमो परत घेता येत नाही. पण निदान त्याला सांगता येईल की, त्या दिवशी तो बरोबर होता.