विमानप्रवासात घरचा डबा : लाज कसली?

विमानात घरचा डबा उघडणे हे कमीपणाचे लक्षण आहे, असा एक समज आपल्या व्यापारी बांधवांत रुजत चालला आहे. आम्हाला तो मुळीच मान्य नाही. हाच माणूस वल्लभनगरच्या आगारातून एसटीने सोलापूरला निघाला तर चपाती-भाजी फडक्यात बांधून घेतो, गाडीतच सोडून खातो आणि शेजाऱ्यालाही आग्रह करतो. पण लोहगावला विमानात बसला की एक तर उपाशी राहतो, नाही तर न आवडणारे सँडविच दामदुप्पट पैसे देऊन गिळतो. का, तर लोक काय म्हणतील!

आमच्या संत तुकाराम नगरातून किंवा चिंचवड-चाकणमधून विमानाने जाणारे आता केवळ साहेब लोक राहिलेले नाहीत. कापडाच्या धंद्यातली माणसे दिल्लीमार्गे लुधियान्याला होजिअरीसाठी जातात, कोलकात्याला मटियाबुर्जच्या हाटात मुलांचे तयार कपडे पाहायला जातात. चाकणच्या फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन मंडळींनाही कंत्राटदार चार दिवसांच्या कामासाठी विमानाने धाडतात. त्यांचा रोजचा भत्ता बांधलेला असतो. त्यातून जे वाचेल तेच घरी येते, आणि जाता-येता दोन वेळचे खाणे विमानतळावर झाले तर फारसे काही वाचत नाही. हे सरकारच्याही कानावर गेले. 2024 साली राज्यसभेत विमानतळांवरील खाण्याच्या किमतींचा विषय निघाला आणि डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर 10 रुपयांत चहा व 20 रुपयांत समोसा देणारा ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. चांगली गोष्ट झाली. पण समोशावर माणसाचे जेवण होत नाही.

पूर्वी तिकिटातच जेवण येत असे. 2003 साली एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा धंदा सुरू केला आणि जेवण तिकिटातून वेगळे काढले. पुढे बहुतेक कंपन्यांनी तोच रस्ता धरला. ज्याला खायचे त्याने विकत घ्यावे, हा हिशेब व्यापारी म्हणून आम्हाला समजतो. मात्र जो विकत घेऊ शकतो तो घरूनही आणू शकतो, हाही हिशेबच आहे. देशातल्या उड्डाणांत कोरडे घरगुती खाणे नेण्यास मनाई नाही. हवाई सुंदरी ते गरम करून देईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

आपल्या लोकांपुढे याशिवाय हलालचा प्रश्न असतो. एअर इंडियाने 2017 साली देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात मांसाहार बंद केला होता. कंपनी टाटांकडे गेल्यानंतर तो पुन्हा आला. मग 2024 मध्ये तिने परिपत्रक काढले. त्यानुसार ‘एमओएमएल’ या संकेताखाली आधी नोंदवलेले मुस्लिम जेवण हे विशेष जेवण धरले जाईल आणि हलालचे प्रमाणपत्र फक्त त्यालाच असेल. सौदी अरबच्या उड्डाणांवर, हजच्या विमानांसह, सर्व जेवण हलाल राहील. त्या नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रांत यावर बरीच ओरड झाली. आम्हाला त्यात रागावण्यासारखे काही दिसले नाही. हिंदू-शीख बांधवांना हलाल नको असेल तर त्यांना ते का द्यावे? ज्याचे त्याला मिळावे. आपण त्यातून इतकेच लक्षात घ्यायचे की आधी नोंदवले नसेल तर समोर आलेली कोंबडी हलाल आहे असे गृहीत धरता येत नाही. विशेष जेवणाची नोंदणी निदान एक दिवस आधी करावी लागते, आणि व्यापाऱ्याचे तिकीट पुष्कळदा आदल्या रात्री निघते! कंपनीचे धोरण कंपनीच्या कचेरीत बदलते. घरच्या डब्यात काय आहे ते घरातल्यांना ठाऊक असते.

उर्दू शाळेत आम्हाला ‘तोशा’ हा शब्द शिकवला होता. मराठीत त्यालाच शिदोरी म्हणतात. यमनचे लोक अल्लाहवर भरवसा आहे असे म्हणून तोशा न घेता हजला निघत आणि मक्केत पोहोचून लोकांपुढे हात पसरत. त्यावर प्रवासाची शिदोरी सोबत घेण्याचा हुकूम आला, असे सहीह बुखारीत नोंदले आहे. म्हणजे तोशा बांधणे तवक्कुलच्या आड येत नाही. वारकऱ्यांना तर हे सांगावेच लागत नाही. (आमच्या वस्तीला ज्या तुकोबांचे नाव आहे त्यांचे आजोळ लोहगाव, आणि आपला विमानतळही लोहगावलाच!)

आता डब्यात काय न्यावे ते पाहू, कारण खरी चूक इथेच होते. दिल्लीचे विमान सकाळी 6 ला असेल तर घरातून 3 च्या सुमारास निघावे लागते. स्वयंपाक आदल्या रात्रीच होतो आणि खाणे सकाळी 7 नंतर. इतके तास बाहेर राहिलेला पुलाव, बिर्याणी किंवा ओला खिमा पोटाला धोक्याचा. भात तर लवकर बिघडतो. त्यापेक्षा तेल लावून भाजलेल्या चपात्या, सुकी बटाट्याची भाजी, मेथीचे ठेपले, खजूर, भाजलेले शेंगदाणे बरे. गुजराती बांधव ठेपल्यावर जग फिरून येतात, ते उगाच नाही. विमानाच्या आत हवेचा दाब 6 ते 8 हजार फूट उंचीवरच्या इतका ठेवतात. त्यामुळे पोटातला वायू फुगतो. म्हणून हरभरा, वाटाणा, कोबी टाळावा. त्याच दाबाने घट्ट झाकणाच्या डब्यातले तेल बाहेर येते आणि नमुन्याच्या कापडावर डाग पडतो. आमच्या धंद्यात त्याची किंमत जेवणाहून जास्त!

लोणचे, तूप, रस्सा, पातळ चटणी हातातल्या पिशवीत नेऊच नये. 2006 साली लंडनमधील कट उघडकीस आल्यापासून परदेशी उड्डाणांवर द्रव आणि लोण्यासारख्या पदार्थांची डबी 100 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. देशातही तपासणीवाल्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. स्टीलचा डबा यंत्रात काळा दिसतो आणि उघडून दाखवावा लागतो. पारदर्शक डबा घेतला तर रांग अडत नाही. सुरी घरीच ठेवावी.

शेजाऱ्याचाही हक्क असतो. दोन सीटांमध्ये वीतभर जागा, खिडकी उघडत नाही, आणि बाजूला एखादा जैन बांधव बसलेला. अशा जागी उकडलेले अंडे, सुकट, बोंबील किंवा कबाब काढणे आम्हाला पसंत नाही. आमचे मत असे की विमानात शाकाहारी डबाच उघडावा. त्याने हलालचाही प्रश्न सुटतो, वासाचाही आणि शेजाऱ्याचाही. हे दबून राहणे आहे, असे काही तरुण मंडळी आम्हाला म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. दोन-अडीच तासांचा प्रवास आहे. उतरल्यावर मटियाबुर्जला किंवा जामा मशिदीच्या गल्लीत मनसोक्त गोश्त खावे. पण ठेपला खातानाही ज्याला चोरट्यासारखे इकडेतिकडे पाहावेसे वाटते, त्याने मात्र तो संकोच टाकावा. तिकीट आपणही घेतले आहे.

रमजानमध्ये प्रवास असेल तर खजूर आणि पाणी खिशाजवळ हवेच. उंचीवरून सूर्य जमिनीपेक्षा उशिरा मावळताना दिसतो, आणि जिद्दाहकडे पश्चिमेला जाताना दिवस लांबत जातो. उलेमांचे म्हणणे असे की खालच्या शहराचे घड्याळ न धरता विमानातून सूर्य मावळलेला पाहून इफ्तार करावा. जेवणाची गाडी त्या मिनिटाला आपल्यापाशी येईलच असे नाही.

परदेशी जाणाऱ्यांना एक इशारा. चीन, ब्रिटन, अमेरिका या देशांत भारतातून मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. चीन व ब्रिटनमध्ये दुधाच्या पदार्थांवरही बंदी आहे. ग्वांगझूला मालाच्या खरेदीसाठी जाणाऱ्याने डबा विमानातच संपवावा. उरलेला कबाब पिशवीत राहिला तर सीमाशुल्कवाल्यांपुढे खुलासे करत बसावे लागते आणि बाजाराचा अर्धा दिवस जातो.

पिंपरी परिसरातील आपल्या खानावळवाल्यांना यात धंदाही आहे. एका वेळेचा कोरडा, न सांडणारा, तारीख-वेळ लिहिलेला डबा पहाटे अडीच-तीनला हातात मिळाला तर गिऱ्हाईक विमानतळाच्या भावापेक्षा पुष्कळ कमी पैशांत खूश राहील. घरगुती पातळीवर हे करणाऱ्या भगिनींनी एफएसएसएआयची नोंदणी मात्र आधी करून घ्यावी. चाकणच्या कंत्राटदारांची माणसे दहा-दहाच्या तुकड्यांनी जातात. डब्यांची पहिली विचारणा त्यांच्याकडे करावी.