बुलेट आणि यामाहा

आमच्या मेहुण्यांची जुनी बुलेट आणि आमच्या साडूंची यामाहा यांच्यातून विस्तव जात नाही. बुलेट विलायती कुळातली. 1955 पासून ती मद्रासला तयार होऊ लागली, तरी मेहुणे तिला 'मड्डम'च म्हणतात. साडूंची आर.एक्स. 100 जपानी वाणाची. 1985 ते 1996 या काळात आपल्याकडे निघाली. एकीचे इंजिन 346 सी.सी.चे, दुसरीचे 98चे.

"दाजी, हे शिलाईचे यंत्र कितीला घेतलेत?"

"तुमचे जाते फिरू लागेपर्यंत मी चौल गाठतो!"

शेवटी अलिबाग ते मुरूड पैज लागली. हरेल त्याने गाडी विकायची! बायकांनी तत्काळ संमती दिली. गाड्यांपायी ओटीवरचा झोपाळा माळ्यावर गेला होता ना!

मी पंच. अँमीटरचा काटा मध्यावर आणून मेहुणे मुहूर्ताची किक मारीपर्यंत साडू दिसेनासे झाले. साळावच्या पुलापुढे मड्डमने त्यांना गाठले. काशीदच्या सुरूंखाली पुन्हा जुंपली. "माझी चालवून दाखवा!" झाली अदलाबदल. मी शहाणपणाने एस.टी. धरली.

आता जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. यामाहाचे नेमके उलटे. नांदगावात बैलगाडी आडवी येताच साडूंनी उजवा पाय दाबला, तो मड्डम वरच्या गिअरात! मागून मेहुण्यांनी डावा दाबला. एस.टी.तून पाहतो तो दोघेही एकाच झावळ्यांच्या ढिगात.

मुरूडला दोघे मुकाट्याने आपापली गाडी गोड्या पाण्याने धूत बसले. खाऱ्या वाऱ्याचा गंज दोघींनाही सारखाच. पैजेचे नाव कुणी काढले नाही. झोपाळा अजून माळ्यावरच आहे.